कुलाब्याचे रूळ : किनारी रेल्वे आणि ट्रामचा विस्तार

शहरातील ट्राम आणि उपनगरांना जोडणारी रेल्वे या दोन्ही रुळांवरून धावत असल्या, तरी त्यांची कामे वेगळी आहेत. रेल्वेला स्वतःची कुंपण घातलेली वाट लागते, तिची स्थानके एकमेकांपासून दीड-दोन किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतरावर असतात, आणि जड व वेगवान गाडीला थांबायला लांब अंतर लागत असल्याने तिची चाल सिग्नलच्या यंत्रणेवर सोपवलेली असते. ट्राम मात्र रस्त्याच्या पृष्ठभागात बसवलेल्या रुळांवरून चालते, दर तीनचारशे मीटरवर थांबते, चौकातल्या अरुंद वळणावरही वळू शकते, आणि तिचा चालक मोटारचालकाप्रमाणे समोरचे पाहूनच वेग कमीजास्त करतो. रेल्वे प्रवाशाला गावाच्या वेशीपर्यंत आणते, तर ट्राम त्याला बाजारपेठेत, कचेरीच्या दारात किंवा घराच्या गल्लीशी नेऊन सोडते.

समुद्रकिनाऱ्यालगत धावणाऱ्या स्थानिक रेल्वेच्या बाबतीत या फरकाला विशेष महत्त्व येते. इतर ठिकाणी रेल्वेच्या दोन्ही बाजूंना वस्ती असते आणि दोन्हींकडून प्रवासी स्थानकावर येतात. किनारी रेल्वेच्या एका बाजूस पाणीच असल्याने तिला प्रवासी एकाच अंगाने मिळतात, आणि ती वस्तीच्या कडेने जात असल्यामुळे गावाचा गाभा तिच्यापासून दूर राहतो. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्लॅकपूल या शहरात हा प्रश्न पुष्कळ वर्षे चर्चेत आहे. तेथे १८८५ मध्ये सुरू झालेली विजेची ट्राम समुद्राला समांतर उत्तरेकडे फ्लीटवुडपर्यंत जाते, तर दक्षिणेकडील सेंट ॲन्स आणि लिदम या गावांतून एक तुरळक गाड्यांची एकेरी रेल्वे शाखा धावते; ट्राम या शाखेच्या मार्गाने पुढे न्यावी अशी मागणी तेथे सातत्याने होत आली आहे. अशा विस्ताराचे तीन मार्ग संभवतात. रेल्वे बंद करून तिच्याच वाटेवर ट्रामचे रूळ टाकता येतात, रेल्वे आणि ट्राम या दोहोंना एकच रूळ वाटून देता येतात, किंवा दोन्ही मार्ग स्वतंत्र ठेवून स्थानकांच्या दारात त्यांची भेट घडवून आणता येते. यांतील तिसऱ्या मार्गाचा मोठा प्रयोग महाराष्ट्रात, मुंबईच्या बॅकबेच्या किनाऱ्यावर, दीडशे वर्षांपूर्वी सुरू झाला होता आणि जवळजवळ नव्वद वर्षे चालला, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली, ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची. गुजरातेतून दक्षिणेकडे येणारी दुसरी रेल्वे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया या कंपनीची होती, आणि ती १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत येऊन थांबली, कारण पुढे दाट वस्ती आणि समुद्र यांच्यामध्ये तिला जागा नव्हती. ती जागा एका आर्थिक संकटातून मोकळी झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्याने मुंबईच्या कापसाला विलक्षण भाव आला, त्या पैशाच्या भरात बॅकबेत भराव टाकून जमीन मिळवण्यासाठी कंपन्या उभ्या राहिल्या, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून त्या बुडाल्या. मागे उरलेली किनाऱ्याची चिंचोळी पट्टी रेल्वेच्या वाट्याला आली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी उपनगरी गाडी सुरू झाली, आणि १८७३ पर्यंत हे रूळ चर्चगेटच्याही पुढे थेट कुलाब्यापर्यंत पोहोचले. चर्नी रोड आणि मरीन लाइन्स या स्थानकांवरून जाणारा प्रवासी त्या काळी डब्यातून अक्षरशः लाटा पाहू शकत असे; आजचा मरीन ड्राइव्ह आणि त्याच्या आतील इमारतींची रांग नंतरच्या भरावावर उभी आहे.

कुलाबा हे मूळचे बेट, आणि १८३८ मध्ये बांधलेल्या कॉजवेने ते मुंबईला जोडले गेले होते. कापसाच्या व्यापाराचे मोठे आवार तेथेच असल्याने रेल्वेला मालाची वाहतूक सहज मिळाली. परंतु कुलाब्याला किंवा चर्चगेटला उतरलेल्या माणसाला काळबादेवी, भुलेश्वर किंवा पायधुणीला जायचे असल्यास पुढचा प्रवास पायी किंवा भाड्याच्या गाडीनेच करावा लागे. शहराची खरी दाटी पूर्वेकडे आत होती आणि रेल्वे पश्चिमेच्या कडेने समुद्राला चिकटून गेली होती. किनारी रेल्वेचा जो दोष वर सांगितला, तो येथे पूर्णपणे दिसत होता.

ही उणीव ट्रामने भरून काढली. शहरात ट्राम चालवण्याची कल्पना १८६५ पासून चर्चेत होती, १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली, आणि ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढायच्या ट्रामगाड्या रस्त्यावर आल्या. सुरुवातीचे मार्ग दोन होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. दोन मार्गांची दोन टोके दोन रेल्वे कंपन्यांच्या बाजूला होती आणि तिसरे टोक, जेथे ते एकत्र येत, ते बाजारपेठेच्या ऐन मध्यात होते, ही रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण रेल्वे ज्या कडांवर येऊन थांबत होती, त्या कडांपासून शहराच्या गाभ्यापर्यंतचे अंतर ट्रामने आपल्याकडे घेतले होते. प्रारंभी २० गाड्या आणि २०० घोडे एवढाच कंपनीचा पसारा होता, आणि कुलाबा ते पायधुणी या प्रवासाला तीन आणे पडत. पुढे भाडे उतरले तशी ट्राम हळूहळू कारकून, कामगार आणि छोट्या दुकानदारांचे नित्याचे वाहन बनली.

घोड्यांच्या ट्रामला मर्यादा होत्या. जनावर थोड्याच फेऱ्यांनंतर बदलावे लागे, चढावर गाडी मंदावे, आणि तबेल्यांचा खर्च वाहतुकीबरोबर वाढत जाई. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन होऊन तिने जुनी कंपनी आपल्याकडे घेतली, आणि ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावली. हीच संस्था पुढे १९४७ मध्ये महापालिकेच्या मालकीची झाली आणि बेस्ट या नावाने घराघरांत ओळखली जाऊ लागली. विजेमुळे ट्रामचे जाळे दूरवर पसरू शकले. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे आखीव वस्ती वसवायला घेतली होती, आणि ट्राम लालबाग-परळच्या गिरणगावातून त्या दिशेने दादर व किंग्ज सर्कलपर्यंत गेली. दक्षिणेस ससून डॉक, पश्चिमेस ताडदेव आणि गवालिया टँक ही तिची इतर टोके होती. दोन मजली ट्राम १९२० मध्ये आली. दादरला दोन्ही रेल्वेंची स्थानके असल्याने ट्रामचे तेथील अखेरचे ठिकाण गाडी बदलण्याची मोठी जागा ठरले, दादर टी.टी. या नावात ते ट्राम टर्मिनस आजही टिकून आहे.

आता एक स्वाभाविक शंका उत्पन्न होते. दोन्ही गाड्या रुळांवरच धावत होत्या, दोन्ही अखेरीस विजेवर चालू लागल्या (मुंबईत विजेची पहिली उपनगरी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हार्बर मार्गावर कुर्ल्यापर्यंत धावली, आणि कुलाबा-बोरिवली मार्गावर १९२८ मध्ये वीज आली), तर मग ट्राम रेल्वेच्या रुळांवर का चढली नाही? याचे पहिले उत्तर गेजमध्ये आहे. गेज म्हणजे दोन रुळांमधील आतले अंतर. भारतातील मुख्य रेल्वेसाठी ५ फूट ६ इंच, म्हणजे १,६७६ मिलिमीटर, हे रुंद माप निवडले गेले, तर मुंबईच्या ट्रामचे माप ४ फूट साडेआठ इंच, म्हणजे १,४३५ मिलिमीटर होते. एका मापाच्या चाकांची गाडी दुसऱ्या मापाच्या रुळांवर जाऊच शकत नाही. माप जुळले असते तरी पुढे विजेचा दाब आड आला असता, कारण ट्रामला सहसा ६०० ते ७५० व्होल्ट पुरतात आणि मुंबईच्या लोकलसाठी १,५०० व्होल्टची एकदिश वीज वापरली गेली. फलाटाच्या उंचीचा प्रश्न याहून अवघड आहे. ट्राममध्ये रस्त्यावरून एक-दोन पायऱ्या चढून जाता येते, लोकलचा दरवाजा मात्र उंच फलाटाच्या पातळीवर असतो. सर्वांत गंभीर बाब सुरक्षिततेची आहे: जड रेल्वेगाडीचा सांगाडा टकरीचा दाब सोसण्यासाठी भक्कम केलेला असतो, तर ट्रामची बांधणी तुलनेने हलकी असते, आणि त्यामुळे दोघींना एकाच रुळावर सोडायचे असल्यास टक्कर होणारच नाही अशी सिग्नलची खात्रीशीर व्यवस्था अत्यावश्यक ठरते.

हे सारे अडथळे पार करता येतात, याचा पहिला ठळक पुरावा जर्मनीतील कार्ल्सरूअ या शहराने दिला. तेथील मुख्य रेल्वेस्थानक बाजारपेठेपासून सुमारे दोन किलोमीटर दूर आहे, त्यामुळे आसपासच्या गावांतून येणाऱ्या प्रत्येकाला स्थानकावर उतरून ट्राम पकडावी लागे. दोन प्रकारच्या विजेवर चालणारी गाडी तयार करून त्या शहराने २५ सप्टेंबर १९९२ पासून तिला ब्रेटन या गावापर्यंत राष्ट्रीय रेल्वेच्या रुळांवरून धावू दिले, आणि तीच गाडी शहरात शिरल्यावर ट्राम म्हणून भर चौकातून जाऊ लागली. या पद्धतीला ट्राम-ट्रेन म्हणतात. प्रवाशांची संख्या थोड्याच काळात पूर्वीच्या कित्येक पट झाली. गाडीचा वेग फारसा वाढला नव्हता. मधला बदल टळला आणि गाड्यांची वारंवारता वाढली, एवढ्यानेच हे घडले. जर्मन रेल्वे आणि कार्ल्सरूअची ट्राम यांचे गेज मुळातच एक होते, ही त्या शहराची मोठी सोय होती. इंग्लंडमध्ये शेफील्डहून रॉदरॅमकडे जाणारी ट्राम-ट्रेन २०१८ मध्ये याच तत्त्वावर सुरू झाली. मँचेस्टरने १९९२ मध्ये वेगळा मार्ग पत्करला, आणि बरी व ऑल्ट्रिंगम या दोन स्थानिक रेल्वे शाखाच ट्राममध्ये रूपांतरित करून त्या शहराच्या रस्त्यांवरून एकमेकींना जोडल्या.

मुंबईच्या जुन्या व्यवस्थेशी सर्वांत जवळचे नाते मात्र बेल्जियमच्या किनारी ट्रामचे आहे. क्नोके ते दे पाने असा त्या देशाचा जवळजवळ संपूर्ण किनारा व्यापणारी ही ६७ किलोमीटर लांबीची ट्राम १८८५ मध्ये एका छोट्या टप्प्याने सुरू झाली. तिचे गेज एक मीटरचे, म्हणजे तेथील रेल्वेहून निराळे, आणि त्यामुळे ती रेल्वेच्या रुळांवर जाऊ शकत नाही. तरीही ती आजतागायत भरभरून चालते, कारण देशाच्या आतील भागातून किनाऱ्याकडे येणारी रेल्वे ज्या ज्या ठिकाणी संपते, तेथे स्थानकाशीच ट्रामचा थांबा आहे. रूळ जुळले नाहीत तरी प्रवास जुळू शकतो, हे मुंबईने आणि बेल्जियमने सारख्याच प्रकारे दाखवून दिले. फरक एवढाच की बेल्जियमने आपली व्यवस्था जपली.

मुंबईत ही व्यवस्था दोन टप्प्यांत मोडली. पहिला टप्पा कुलाब्याचा. १९२० च्या दशकात सरकारने बॅकबेतील भरावाची योजना पुन्हा हाती घेतली तेव्हा किनाऱ्यावरील रेल्वेची जमीन नव्या वस्तीच्या आड येऊ लागली. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी डिसेंबर १९३० मध्ये मुंबई सेंट्रल हे स्थानक उघडण्यात आले, त्याच महिन्याच्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद झाले, आणि उपनगरी गाड्यांचे दक्षिण टोक चर्चगेट ठरले. चर्चगेटच्या दक्षिणेचे रूळ उखडले गेले. कुलाबा स्थानकाच्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. त्यानंतरची तीन दशके कुलाब्याचा भार ट्राम आणि बसने वाहिला. दुसरा टप्पा ट्रामचा. १५ जुलै १९२६ रोजी सुरू झालेल्या बसला रुळांची गरज नव्हती, मोटारींची संख्या वाढत चालली होती, रस्त्याच्या मध्यातून जाणारी ट्राम इतर वाहनांना अडथळा वाटू लागली होती, आणि जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचा बोजा वाढत होता. एकेक मार्ग बंद होत गेला आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही अखेरची ट्राम धावली.

हा निर्णय त्या काळाच्या समजुतीला धरून होता, आणि मुंबईच्या आधी व नंतर युरोप-अमेरिकेतील कितीतरी शहरांनी तेच केले. पण त्याची किंमत मोजावी लागली, हे आज स्पष्टपणे म्हणता येते. २०२४ ते २०२५ या काळात तीन टप्प्यांत खुली झालेली आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटर लांबीची भुयारी मेट्रो दक्षिण मुंबईत ज्या स्थानकांवर थांबते, त्यांची नावेच पाहावीत: ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधानभवन, कफ परेड. घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये ज्या वस्तीतून जात होती आणि किनारी रेल्वे १९३० पर्यंत ज्या टोकापर्यंत पोहोचत होती, तीच वस्ती आणि तेच टोक पुन्हा रुळांनी जोडण्यासाठी शहराला ९५ वर्षांनी जमिनीखाली जावे लागले आणि संपूर्ण मार्गावर ३७,००० कोटींहून अधिक रुपये खर्चावे लागले. वाहतुकीची एकदा मोकळी असलेली वाट सोडून दिली की ती परत मिळवण्याचा खर्च मूळ खर्चाच्या तुलनेत प्रचंड असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

याचा अर्थ आजच्या पश्चिम रेल्वेवर ट्राम चालवावी असा होत नाही. चर्चगेट-विरार मार्गावर गर्दीच्या वेळी बारा आणि पंधरा डब्यांच्या लोकल अवघ्या काही मिनिटांच्या अंतराने धावतात आणि तेथे हलक्या गाडीला जागाच उरलेली नाही. ट्राम-ट्रेनची कल्पना तुरळक गाड्यांच्या शाखांसाठी आहे. महाराष्ट्रात तिच्या जवळ जाणारा विचार नागपुरात मांडला गेला: शहराभोवतीच्या अस्तित्वात असलेल्या रेल्वेमार्गांवरूनच नरखेड, रामटेक, वर्धा आणि भंडाऱ्याच्या दिशेने मेट्रोसारख्या हलक्या, वारंवार धावणाऱ्या गाड्या चालवण्याचा ब्रॉडगेज मेट्रोचा प्रस्ताव. यात गाडी रस्त्यावर उतरत नाही, परंतु नवी वाट न खणता जुनी वाट अधिक कामाला लावण्याचे तत्त्व तेच आहे, आणि गेजची अडचण रुंद मापाचीच गाडी घेऊन आधीच सोडवलेली आहे.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील वाचकांना हा सारा विषय दूरचा वाटू शकेल, पण तो तसा नाही. दौंड-बारामती ही शाखा एके काळी अरुंद गेजची होती आणि नंतर ती ब्रॉडगेज झाली. अष्टविनायकांतील पहिले स्थान मानले जाणारे कऱ्हाकाठचे मोरगाव मात्र कोणत्याही रेल्वेमार्गावर नाही. पुणे-मिरज मार्गावरील जेजुरी स्थानक तेथून सुमारे १७ किलोमीटर दूर आहे. भाद्रपद आणि माघ चतुर्थीच्या यात्रांना तेथे मोठी गर्दी लोटते, परंतु एरवीची रोजची वर्दळ ट्रामला पुरणारी नाही. ट्रामचा खर्च भरून निघण्यासाठी दर तासाला एका दिशेने हजारो प्रवासी असावे लागतात, आणि मोरगावला ट्राम हवी असे म्हणणे लोकांची दिशाभूल करण्यासारखे होईल. मोरगावला हवी आहे ती स्थानकाच्या दारातून, रेल्वेगाडीच्या वेळेला धरून सुटणारी बस. बेल्जियमच्या किनाऱ्यावर ट्राम जे काम करते, तेच काम जेजुरीत एस.टी. करू शकते, आणि त्यासाठी रूळ टाकावे लागत नाहीत. लागतो तो दोन खात्यांच्या वेळापत्रकांचा मेळ आणि शक्य तेथे एकच तिकीट. मुंबईत २०२५ मध्ये मेट्रो, लोकल आणि बस यांच्यासाठी सामाईक तिकिटाचे ‘मुंबई वन’ हे ॲप सुरू झाल्याने ही गोष्ट अशक्य नाही, हे सिद्धच झाले आहे.

लोणंद-फलटण हा रेल्वेमार्ग सुरू झाला आहे आणि तो पुढे बारामतीपर्यंत जोडला जायचा आहे. हा दुवा पूर्ण झाला की बारामती हे शाखेचे अखेरचे स्थानक न राहता दोन दिशांना जोडलेले स्थानक होईल, आणि पुढेमागे या पट्ट्यात हलक्या व वारंवार धावणाऱ्या गाड्यांची गरज भासणे शक्य आहे. ती गरज नेमकी केव्हा भासेल हे आज ठरवण्याचे कारण नाही, मात्र तिच्यासाठी लागणारी जागा आज ठरवावी लागेल. नव्या मार्गावरील प्रत्येक स्थानकासमोर बसगाड्या उभ्या राहतील आणि वळतील एवढी मोकळी जागा, तसेच गावाच्या बाजारपेठेपर्यंत जाणारा रुंद रस्ता, हे रेल्वे, नगरपरिषदा आणि जिल्हा प्रशासन यांनी विकास आराखड्यात आताच राखून ठेवावेत आणि त्यांवर बांधकामाला परवानगी देऊ नये, असा आग्रह या भागातील नागरिकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे धरला पाहिजे.